बारी किती वाजता?

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता रविराजने शिडी लावून आपल्या आईच्या कला केंद्राचा बोर्ड उतरवायला घेतला. खाली शिडी धरून सुमनताई स्वतः उभ्या होत्या. बोर्ड उतरवायला त्यांचा विरोध होता. पण पोरगं पडू नये, हा विषय वेगळा होता.

"आई, तुला पटत नाहीये तर वर्षालीला बोलव ना. ती धरेल."

"तुझी बायको पुऱ्या लाटतीय. तू डावीकडचा नट आधी खोल, न्हाईतर घेशील डोक्यात."

"दादाचा सारखा फोन येतोय. पाहुणे राजगुरुनगरला पोचले म्हणे."

"पोचू देत. चाकणचा चौक हाय मधी."

रविराज वरून हसला. मग आपण कुठल्या बाजूला आहोत ते आठवून गप्प झाला.

म्हाळुंग्यातली जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा सुमनताईंच्या नवऱ्याने, चिमाजींनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, रस्त्याकडेच्या उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकली होती. तिच्यात रबराच्या बुशा बनवणारा भाडेकरू होता. तो गेला, वास राहिला. त्याच सुमारास सुमनताई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि शेड मला द्या म्हणून बसल्या. अण्णांनी तीन दिवस टाळलं. शेवटी अक्षय तृतीयेच्या जेवणावर ते म्हणाले होते, "एक वरीस घे. फुडच्या आखितीला बघू."

फुडची आखिती गेल्याच आठवड्यात झाली होती. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीला गोडाऊन हवं होतं आणि रविराज त्यांच्याशी बोलून बसला होता. त्यांचा माणूस सोमवारी शेड मोजायला येणार होता. आज दुपारी चारला केंद्राच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम होता. आणि त्याच दिवशी एक वाजता थोरल्या निरंजनच्या मुलीला, करिष्माला, बघायला नारायणगावचे पाहुणे जेवायला यायचे होते. निरंजनच्या वाकडच्या फ्लॅटवर का नाही, तर मुलाच्या आजोबांना गावचं घर बघायचं होतं.

आणि गावच्या घराशेजारी हा बोर्ड होता.

बोर्डाची कथा अशी. नाव निरंजननेच दिलं होतं. तो हिंजवडीच्या कंपनीकडून वर्षभर परदेशात राहून आला होता आणि तिथल्या कम्युनिटी आर्ट सेंटरचं त्याने फार कौतुक ऐकवलं होतं. त्याचं मराठी काय, ते त्याने फोनला विचारलं. फोन म्हणाला, सामुदायिक कला केंद्र. रविराजने एका बंद पडलेल्या परमिट रूमची दिव्यांची चौकट स्वस्तात आणली, लाल दिव्यांची माळ भोवती फिरणारी. पहिल्या पावसात 'सामुदायिक'मागची ट्यूब गेली. त्यानंतर दिवस मावळला की तळेगाव रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला अंधारात एवढंच दिसायचं: भोवती पळणारे लाल दिवे आणि मधोमध 'कला केंद्र'.

पुणे जिल्ह्यात कला केंद्र म्हणजे काय, हे फोनला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.

एका मोटारसायकलवरून तिघे उतरले तो दिवस सुमनताईंना अजून आठवत होता. तोंडं धुतलेली, पावडर लावलेली. त्यांतल्या एकाने अदबीने विचारलं, "मावशी, बारी किती वाजता लागते?"

बारी म्हणजे बैलगाडा शर्यतीतली, नाहीतर पाळी, एवढंच सुमनताईंच्या डोक्यात; लावणीच्या खेळालाही बारी म्हणतात, हे त्यांच्या गावी नव्हतं. त्या म्हणाल्या, "ल्हान पोरांची पाचला. मोठ्यांची साडेसातला."

"ल्हान पोरांची?"

"मग काय! हात धुऊन बसायचं. अन् घरून जुना शर्ट आणायचा, अंगावर रंग उडतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोटारसायकल चालू न करताच ढकलत रस्त्यापर्यंत नेली. मात्र पुढच्या रविवारी त्यातला एक, भिवा नावाचा ट्रेलर चालवणारा, जुना शर्ट घेऊन आला. आता तो केंद्रातला सर्वांत चांगला चित्रकार होता. सगळ्या चित्रांत ट्रेलर असायचा, पण मागचं आभाळ दर वेळी वेगळं.

श्रावणात पलीकडच्या सोसायटीतल्या बायकांनी केंद्र बंद करा म्हणून मोर्चा आणला. आत रांगोळीचा वर्ग चालू होता. मोर्च्यातल्या चौघी तिथंच बसल्या. गणपतीच्या आधी पोरांनी शाडूच्या मूर्ती केल्या आणि पत्र्याच्या उष्णतेने सगळ्यांना तडे गेले. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा झाली, तिच्यात कामगार वस्तीतल्या एका पोराने झाशीचा किल्ला केला आणि यावर परीक्षकांत भांडण झालं. सुमनताई स्वतः रोज चित्र काढायच्या. केंद्रातली सर्वांत वाईट चित्रं त्यांची होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायचं ते वेगळंच. या घराच्या दारात आजवर जो आला, तो "अण्णा आहेत का?" असं विचारत आला. वर्षभर लोक "ताई आहेत का?" विचारत येत होते. अण्णा बाहेर कट्ट्यावर शेडकडे पाठ करून बसलेले असायचे आणि त्यांना अंगठ्याने मागे दाखवावं लागायचं.

बोर्ड खाली आला तेव्हा निरंजनची गाडी आत शिरत होती.

"अजून उतरवताय?" तो काच खाली करतच ओरडला. "रव्या, शुक्रवारी सांगितलं होतं ना मी?"

"दादा, शुक्रवारी टँकरच्या मागे होतो मी. कंपन्यांना पाणी कोण देणार, तू?"

"आणि हे काय?" शेडच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. "मुलं का आलीत? चारला आहे ना कार्यक्रम?"

"रंगीत तालीम हाय," सुमनताई म्हणाल्या.

"आई, प्लीज. नारायणगावची माणसं आहेत ती. तमाशाचं गाव. कला केंद्र म्हटलं की त्यांना दुसरा अर्थच सुचणार नाही. मुलीची आजी कला केंद्र चालवते! विचार कर जरा."

"त्या बाया कष्टाचं खातात. त्यात लाजायचं काय?"

"लाजायचं नाही गं, पण आपण ते नाही ना आहोत!"

"मग तसं सांग त्यांना."

मागच्या सीटवरून करिष्मा साडी सावरत उतरली. "पप्पा, नाव तर तुम्हीच दिलं होतं."

"मी कम्युनिटी आर्ट सेंटर म्हणालो होतो."

"आजीचा बोर्ड तुमच्या मेसेजवरून कॉपी-पेस्ट केलाय. मीच पेंटरला पाठवला होता."

निरंजनने बापाकडे पाहिलं. अण्णा कट्ट्यावरून उठले. त्यांचा निकाल नेहमी उभं राहूनच यायचा.

"बोर्ड गोठ्यात टाका. पोरं आत ऱ्हाऊ द्या, पण आवाज नको. पाव्हन्यांनी इचारलं तर गोडाऊन हाय म्हणायचं. तसं बी उद्यापासनं हाईच."

शेवटचं वाक्य त्यांनी बायकोकडे न बघता म्हटलं. सुमनताई शेडमध्ये गेल्या. पोरं खाली बसून पताका रंगवत होती.

"आज एक खेळ खेळायचा," त्या म्हणाल्या. "आपण खोकी हाय. खोकी बोलतात का?"

"नाही!" पोरं एका सुरात ओरडली.

*

चार माणसं येणार होती, जीपमधून सात उतरली. मुलाचे आजोबा साहेबराव सर्वांत आधी. डोक्याला कडक गुलाबी फेटा, मनगटाला अत्तर. त्यांच्यामागे त्यांची विधवा बहीण सरूबाई, मग मुलाचे आई-वडील, मुलगा आणि मागच्या बाकावरून दोन म्हातारे, ज्यांची ओळख साहेबरावांनी "हे आपलेच" एवढीच करून दिली.

आमरस, पुऱ्या, कुरडया. वर्षाली वाढत होती, सुमनताई आग्रह करत होत्या. साहेबरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. घास तोंडात, मान खिडकीकडे.

"रस घ्या की अजून," अण्णा म्हणाले.

"घेतो, घेतो. पत्र्याचं ते काय हाय म्हणायचं?"

"गोडाऊन," अण्णा, निरंजन आणि रविराज एकदम म्हणाले.

"अस्सं." साहेबरावांनी आपल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी पुरी खाली ठेवली. "न्हाई, आमाला कुणी तरी म्हणलं, तुमच्याकडं काय तरी कला केंद्र हाय."

वर्षालीच्या हातातली पळी पातेल्यावर वाजली. निरंजन पाणी प्यायला. पुढचं तो इतक्या तयारीने बोलला की गाडीत पाठ करून आला असावा, असं सुमनताईंना वाटलं.

"अफवा आहे ती. लोक काहीही बोलतात. मी तुम्हाला खात्रीने सांगतो, आमच्या घरात कलेशी कुणाचा काहीही संबंध नाही. कधीच नव्हता."

सुमनताई कुरडयांची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या बोटांना अजून हिरवा रंग होता; सकाळी घासूनही तो निघाला नव्हता. त्यांनी परात खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतले.

"काहीच न्हाई?" साहेबरावांनी विचारलं.

"काहीच नाही."

"गाणंबिणं?"

"छे!"

"ढोलकी?"

"नाव काढू नका."

साहेबरावांचा चेहरा उतरला. तो रागाने नव्हे, निराशेने उतरला होता, हे सगळ्यांत आधी वर्षालीला कळलं. तिने सासूला कोपराने ढोसलं.

"अरारा," साहेबराव म्हणाले. दोन म्हातारेही काहीतरी तसंच म्हणाले.

सरूबाई हसू लागल्या. "चार दिस झालं, फेट्याला खळ करतोय ह्यो. पोरगी बघायला चाललोय का जत्रंला, मी म्हणलं. ही दोगं बी त्यासाठीच आल्यात. जीपमधी जागा नव्हती, तर माझी पिशवी टपावर टाकली."

"पोरगी बघायला नातू हाय की," साहेबराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "त्याला डोळं हायती. मी काय बघणार? आमच्या गावात आता मोठाले फड निघाले की सहा-सहा महिने येत न्हाईत. म्हणलं चाकणच्या बाजूला घरचंच केंद्र असलं, तर येनं-जानं ऱ्हाईल. नातं जोडायचं ते कशासाठी?"

 तेवढ्यात गोडाऊनमध्ये ढोलकी वाजली.

एकच थाप. मग दोरी ओढून, सूर जुळवून, दुसरी.

ती धम्मरत्नची होती. धम्मरत्न क्लचप्लेटच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायचा, चिखलीहून यायचा आणि शनिवार-रविवार केंद्रात ढोलकी शिकवायचा. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्याइतकं कुणी वाजवत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. तो मागच्या दाराने आला होता आणि खोक्यांच्या खेळाबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"गोडाऊनात ढोलकी?" साहेबराव अर्धे उठले.

"माल तपासत्यात," अण्णा म्हणाले.

"कसला माल?"

अण्णांनी निरंजनकडे पाहिलं, निरंजनने रविराजकडे. रविराजने ताटाकडे पाहिलं.

"चला," सुमनताई म्हणाल्या. "हात धुवा अन् चला. दाखवते."

*

शेडमध्ये शिरताच साहेबरावांनी फेटा नीट केला आणि सगळीकडे नजर फिरवली. भिंतीवर भिवाचे ट्रेलर. तडे गेलेले गणपती, एका फळीवर रांगेत. खाली बसलेली पोरं, तोंडावर बोट ठेवून, कारण खेळ अजून चालू होता.

"बाया कुठं हायत?" एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"मी हाय की," सुमनताई म्हणाल्या. "ह्या चौघी रांगोळीच्या हायत. बसा."

सरूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात धरला.  मग साहेबरावांचं लक्ष ढोलकीकडे गेलं आणि ते धम्मरत्नसमोर मांडी घालून बसले.

"वाजवा, मास्तर."

धम्मरत्नने वाजवली. आधी सावकाश, मग बोटं दिसेनाशी झाली. पोरांनी तोंडावरचं बोट काढलं. साहेबरावांची मान हलत होती, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग साहेबराव म्हणाले, "आना हिकडं. जवानीत लई वाजवली हाय आपण."

त्यांनी जवानीत ती कशी वाजवली होती कोण जाणे. आता ती वाईट वाजत होती, आणि थांबत नव्हती. मुलाकडचा माणूस असल्याने त्यांना थांबवायचं कुणी? निरंजन हसरा चेहरा धरून उभा होता. एक पोरगं कानात बोटं घालत होतं, वर्षालीने ती काढली. कामावर केसभर फरकाने माल परत पाठवणारा धम्मरत्न डोळे मिटून म्हणत होता, "वा! क्या बात है, बाबा! वा!"

शेवटी सरूबाईंनीच भावाच्या हातातून ढोलकी ओढून घेतली. "बास. पोरीला नांदायचंय."

चहा आला. साहेबराव घामाने निथळत होते आणि इतके खूश होते की त्यांनी अण्णांची पाठ थोपटली. "चिमाजीराव, आसलं रतन घरात आन् गोडाऊन म्हणता? लाजताय काय?"

"लाजायचं काय त्यात," अण्णा म्हणाले. वर्षभरात ते शेडमध्ये पहिल्यांदाच आले होते आणि भिवाच्या एका चित्रासमोर उभे होते. आभाळाखालचा डोंगर त्यांना ओळखीचा वाटत असावा, कारण ते अगदी जवळ जाऊन बघत होते.

"तसा कन्सेप्ट माझाच होता," निरंजन म्हणाला. "परदेशात मी बघितलं होतं ना…"

सुमनताईंनी कप खाली ठेवला. आपला मुलगा एक कप चहा संपायच्या आत या बाजूला आला होता. पाहुण्यांची जीप वळली की तो परत त्या बाजूला जाईल, हेही त्यांना दिसत होतं. म्हणून त्या पाहुण्यांसमोरच बोलल्या.

"साहेबराव, तुमी आज बघून घेतलं ते बरं झालं. उद्यापासनं हितं पुठ्ठ्याची खोकी येणार."

"खोकी? कुणी ठरवलं?"

रविराज म्हणाला, "म्हणजे ठरलं असं नाही. बोलणं झालंय फक्त."

"तूच बोललायस," वर्षाली म्हणाली. ती नवऱ्याविरुद्ध चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होती. "आणि अण्णांनी होय म्हटलंय."

"मी व्हय म्हणलो न्हाई," अण्णा चित्राकडे तोंड करूनच म्हणाले. "न्हाई बी म्हणलो न्हाई."

"मग आता म्हणा," सुमनताई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर म्हणा. मी काय कुणाच्या पाया पडणार न्हाई. पर माझ्या पोरानं आज जेवताना सांगितलं, ह्या घरात कलेशी कुणाचा संबंध न्हाई. तुमी बी तसंच म्हणत असाल, तर मी सोमवारी स्वतः खोकी उचलू लागते."

निरंजनची मान खाली गेली. "आई, मी ते फक्त…"

"कळतंय मला कशासाठी ते. तरी लागलं."

 खेळ संपल्याचं पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून काहींनी पुन्हा तोंडावर बोट ठेवलं. अण्णा वळले. वर्षभर पाठमोरे बसलेले अण्णा आता तोंड कुठे करावं या विचारात दिसत होते.

"ह्यो डोंगर," ते म्हणाले, "आपल्या वावरातनं दिसायचा त्यो हाय का?"

"व्हय," तालमीला आलेला भिवा मागून म्हणाला. "ताईंनी सांगितला तसा काढला. पुढं ट्रेलर टाकला मी."

"ट्रेलर काढता यील का?"

"ऑइल पेंट हाय, अण्णा."

"मग ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले आणि हात मागे बांधून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. शेडबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

या सगळ्यात करिष्मा आणि मुलगा गोठ्याजवळ बोलत उभे आहेत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाहुणे चारचा कार्यक्रमही बघून गेले, त्यानंतर सुमनताईंनी नातीला विचारलं, "कसा हाय?"

"मुलगा बरा आहे गं. पण आजोबा दर आठवड्याला येतील."

*

सोमवारी सकाळी खोक्यांच्या कंपनीचा माणूस टेप घेऊन आला. रविराज टँकर घेऊन गेला होता, म्हणजे आपण घरी नसावं अशी व्यवस्था त्याने केली होती. अण्णांनी माणसाला चहा पाजला. रुंदी मोजू दिली. लांबी मोजायला तो आत निघाला तेव्हा म्हणाले, "आत चित्रं वाळत्यात. बुधवारी या." बुधवारी काय होणार, ते माणसाने विचारलं. अण्णा म्हणाले, तेही बुधवारी सांगतो.

निरंजनने दुपारी ऑफिसमधून आईला फोन केला. नारायणगावचा काही निरोप आला का, असं त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "बोर्डावरच्या शब्दाला दुसरा शब्द शोधू का मी? माणसांना विचारून?" सुमनताई म्हणाल्या, "शोध. पर वर्षालीला विचार आधी. आता तीच बघणार हाय सगळं." हे त्यांनी वर्षालीलाही अजून सांगितलेलं नव्हतं.

निरोप संध्याकाळी आला. साहेबराव स्वतः फोनवर होते. येत्या रविवारी अकरा माणसं येतील, ढोलकी आपली आपण आणू, जेवणाचं काही करू नका, मास्तरांना तेवढं थांबायला सांगा. सुमनताईंनी फोन अण्णांकडे दिला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "व्हय" म्हटलं आणि फोन ठेवला.

"पोरीचं काय म्हणले?" वर्षालीने विचारलं.

"त्याचं काय बोलले न्हाईत," अण्णा म्हणाले, "अन् मी बी इचारलं न्हाई."